मालक गाडीसोबत पाहिजे

चंद्रभान गिराम हा माणूस वाईट नव्हता, फक्त प्रभारी होता. परभणीहून झरीकडं जाताना कपिलेश्वर सहकारी सूतगिरणी लागायची, तिच्या गेटवर त्याची केबिन होती आणि केबिनीवर पाटी होती, ‘सुरक्षा अधिकारी’. खाली कंसात, बारीक अक्षरात, ‘प्रभारी’. आधीचा अधिकारी रिटायर झाला तेव्हा चेअरमन म्हणाले होते, "चंद्रभान, दोन-चार महिने सांभाळ, मग बघू." ते बघणं काही झालं नाही. महिन्यांची वर्षं झाली, चंद्रभानच्या मिशा पांढऱ्या झाल्या, आणि कंसातला शब्द मात्र दर दिवाळीला नवा रंग लावून उभा.

पेंटरनं तो शब्द कितीही बारीक काढला तरी ज्याला दिसायचा त्याला बरोबर दिसायचा. पोरीला बघायला जिंतूरकडचे पाव्हणे आले. पोहे खाल्ले, चहा प्याले, पोरगी पसंत केली आणि उठता उठता म्हणाले, "प्रभारी म्हंजी आज हाय उद्या न्हाई, आसंच ना? कायमची आर्डर निघू द्या, मंग सुपारी फोडू." पाव्हणे गेल्यावर सुमनबाईनं, म्हणजे चंद्रभानच्या बायकोनं, रिकाम्या बशा इतक्या जोरात आपटल्या की दोन फुटल्या. "इतके वर्षं त्या गेटवर उभं ऱ्हाऊन तुमी कमावलं काय? कंस!" चंद्रभान खाली बसून तुकडे गोळा करू लागला.

अशात गिरणीत चोरी झाली. चोरी म्हणावी तर तीही धड नाही. सुताच्या गाठी भरलेला ट्रक भर दुपारी, हॉर्न वाजवत, गेटवरच्या पहारेकऱ्याचा नमस्कार घेऊन बाहेर गेला. मागाहून गाड्यांचं रजिस्टर काढून बघितलं, तर त्या नंबरची गाडी म्हणजे गिरणीची कधीच भंगारात गेलेली अँब्युलन्स. त्या रजिस्टराचं काय सांगावं! ती अँब्युलन्स सोडली तर एकाही गाडीचा नंबर त्यात धड लिहिलेला नव्हता. ‘पाटलाची लाल गाडी’, ‘मास्तरची फटफटी, धूर लय’, ‘जिनिंगवाल्याची बैलगाडी, डावा बैल मारका’. तो मारका बैल बाजारात विकला गेला होता, मास्तर बदलून गेले होते आणि पाटलाची लाल गाडी आता पांढरी झाली होती. रजिस्टर मात्र सगळ्यांना अजून आत सोडत होतं.

चेअरमन किशनराव खवळले. दीडशे एकराचे धनी, पांढरे शुभ्र कपडे, आवाज असा की ऑफिसात बोलले तरी गेटवर कळावं. त्यांनी फर्मान काढलं, "जाळा ते रजिस्टर! कॉम्प्युटर आणा." ब्याण्णव साल होतं. परभणीत कॉम्प्युटर बघितलेली माणसं कमी आणि त्यावर बोलणारी लय. किशनरावांनी चंद्रभानला बोलावून घेतलं. "सर्वसाधारण सभेच्या आत गाड्यांची नोंद सगळी मशिनीत पाहिजे. मुंबईचे साहेब तपासायला येणार हायेत. काम झालं की तुझी कायमची ऑर्डर सभेतच वाचून दाखवतो. शब्द हाय माझा." चंद्रभाननं घरी जाऊन हे सांगितलं तेव्हा सुमनबाईनं देवापुढं साखर ठेवली आणि जिंतूरला निरोपही धाडून दिला. नवऱ्यापेक्षा तिचा किशनरावाच्या शब्दावर विश्वास जास्त.

कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी केबिनीत थंड हवेची मशीन बसली. इतकी वर्षं चंद्रभान त्याच केबिनीत उन्हानं भाजून निघाला होता, त्याची कुणाला दया आली नव्हती. मशिनीवर काम करायला ऑफिसातल्या टायपिस्ट कमलबाई बसल्या. पन्नाशीच्या, विधवा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, जिभेला धार. सगळे चपला बाहेर काढून आत यायचे, त्या तेवढ्या पायात स्लीपर घालून बसायच्या. "ह्याला जे घालाल तेच हा बाहेर काढतो," त्या म्हणाल्या. "एक गाडी, एक नंबर, एक मालक. मालक म्हंजी ज्याचं नाव आरसी बुकात हाय तो. ज्याच्या बुडाखाली गाडी हाय तो न्हाई. मशिनीच्या कंपनीच्या माणसानं मला हेच शिकवलंय."

"मंग त्यात काय अवघड हाय?" चंद्रभान म्हणाला. बिचारा.

त्यानं नोटीस लावली, सगळ्यांनी आरसी बुक आणून दाखवावं. बुकं आली आणि चंद्रभानच्या डोक्याला मुंग्या आल्या. आपल्या भागात गाडीचा व्यवहार कसा होतो? दोघं मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, चहा पितात, एक जण किल्ली देतो, दुसरा नोटा देतो, गाडीला हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, झालं. कागदाचं विचारायचं नसतं. लगेच सही मागितली तर त्याचा अर्थ समोरचा चोर हाय असा होतो. "कागद काय पळून चाललाय का? सवडीनं करू." ती सवड मरेपर्यंत येत नाही, कधी कधी मेल्यावरही. गिरणीच्या अकौंटंटची स्कूटर सोडचिठ्ठी दिलेल्या बायकोच्या भावाच्या नावावर निघाली. स्टोअरकीपरची मोटारसायकल एका वारलेल्या तलाठ्याच्या नावावर. मिस्त्रीच्या गाडीचा मालक तर सौदीला गेलेला. आणि चंद्रभानची लुना? ती मेव्हण्याच्या, राणीसावरगावच्या लिंबाजीच्या नावावर. सुरक्षा अधिकारी, प्रभारी, दुसऱ्याच्या गाडीवर रोज ड्युटीला येत होता!

मग चंद्रभाननं दुसरी नोटीस लिहिली: ‘ज्यांच्या गाड्या दुसऱ्याच्या नावे आहेत त्यांनी त्वरित नामांतर करून घ्यावे, अन्यथा गेटमध्ये प्रवेश नाही.’ माणसानं लिहिताना साल तरी बघावं! विद्यापीठाच्या नावावरून मराठवाड्यात घरं जळली होती, माणसं जिवाला मुकली होती, आणि तो निखारा अजून विझला नव्हता. दुपारपर्यंत गेटवर दोन बाजूंनी दोन घोळके जमले, आणि दोन्ही घोळक्यांना ती नोटीस आपल्या विरोधात वाटत होती. तेवढ्यात पोलिसांची गाडी आली. फौजदारानं नोटिशीकडं बोट करून विचारलं, "हे कुणी लिहिलं?" चंद्रभाननं हात जोडले. "लुनाचं हाय हो साहेब, लुनाचं!" फौजदारानं कागद स्वतः फाडला, चार तुकडे केले आणि खिशात घालून घेऊन गेला. चंद्रभान त्यानंतर तो शब्द घरातसुद्धा उच्चारायचा नाही.

नाव बदलायला तर कुणी हललं नाही. मेलेल्या तलाठ्याची सही आणायची कुठून? शेवटी लोकांनीच तोड काढली. त्यांनी विचारलं, कागदावरचा मालक गाडीसोबत असला तर सोडाल का न्हाई? चंद्रभाननं कमलबाईकडं बघितलं. कमलबाईंनी मशिनीकडं बघितलं. सोडायला हरकत नव्हती. झालं, नियम ठरला: मालक गाडीसोबत पाहिजे. दुसऱ्या दिवसापासून अकौंटंटच्या मागं त्याचा माजी मेव्हणा बसून येऊ लागला, दोघं एकमेकांशी अवाक्षर न बोलता. तलाठ्याच्या जागी त्याची म्हातारी बायको तानुबाई यायची, वारस म्हणून. मोटारसायकलवर आडवी बसून, मांडीवर पानाचा डबा. गेटवर उतरायची, अंगठा उठवायची आणि सावलीत बसून गाडी सुटायची वाट बघायची. मिस्त्रीचा मालक सौदीलाच, म्हणून तो गाडी बाहेर लावून पायी आत यायचा. आणि लिंबाजी? तो तर राणीसावरगावहून पिशवी घेऊन बहिणीकडं मुक्कामालाच आला. सकाळी लुनावर मागं बसून गेटपर्यंत यायचा, मग घरी जाऊन कोंबडीचं काय झालं ते विचारायचा. "दाजी, कायद्यापुढं माझा विलाज न्हाई," असं रस्सा ओरपत म्हणायचा.

असं सगळं मार्गी लागलं. एकच बुक यायचं राहिलं, चेअरमनच्या जिपचं. ड्रायव्हरला विचारलं तर तो म्हणाला, "सायबालाच इचारा." चंद्रभान भीत भीत किशनरावांच्या दालनात गेला. मुंबईचे तपासणी साहेब सभेच्या आदल्या दिवशीच येऊन बसले होते, समोर काजूची बशी. चंद्रभाननं दबक्या आवाजात बुकाचं काढलं. किशनरावांनी साहेबांना ऐकू जावं म्हणून टेबलावर हात मारला. "नियम म्हणजे नियम! चेअरमन असला तरी नियम. माझ्या बापाची गाडी असती तरी म्हणलो असतो, बुक बघ आणि नोंद कर." आणि कपाटातून बुक काढून फेकलं. साहेबांनी मान डोलावली. किशनरावांनी ते बुक घेतल्यापासून कधी उघडून बघितलं नसावं.

चंद्रभाननं ते केबिनीत येऊन उघडलं आणि मटकन खुर्चीत बसला. मालक: मन्मथअप्पा बापूअप्पा, मोंढा, परभणी.

आता मन्मथअप्पा कोण, हे त्या काळात झरीच्या शेंबड्या पोरालासुद्धा माहीत होतं. सरकी-पेंडीचा बडा व्यापारी, कपाळाला भस्म, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, बोलणं साखरेत घोळलेलं. एकेकाळी किशनराव आणि अप्पा एका ताटात जेवायचे. त्या दोस्तीतच जीप विकली गेली, चहावर आणि हारावर. पुढं गिरणीच्या निवडणुकीत बिनसलं आणि अप्पा विरोधी गटाचे पुढारी झाले. उद्याच्या सभेत चेअरमनवर अविश्वास आणायला त्यांनी पाचशे सभासद गोळा केल्याची बातमी होती. भांडण झाल्यावर सही मागायला जायचं म्हणजे पडतं घ्यायचं. किशनराव गेले नाहीत. अप्पांनी बोलावलं नाही. जीप बिचारी दुश्मनाच्या नावानं धूळ उडवत हिंडत राहिली.

"टाका डोळे झाकून किशनरावाचं नाव," सुमनबाई म्हणाली. "तुमाला कोण फाशी देतंय?"

"आन् मुंबईवाल्यानं बुक मागितलं तर? खोटी नोंद केली म्हणून जागेवर काढतील."

"मंग अप्पाचं टाका."

"चेअरमन जिता ठिवील का?"

चंद्रभानची खरंच भंबेरी उडाली होती. खरं लिहिलं तर ऑर्डर गेली, खोटं लिहिलं तर नोकरी गेली. जिंतूरचे पाव्हणे सभेच्या दिवशी हार घेऊन येणार होते, तेवढं मात्र पक्कं होतं. शेवटी त्यानं लिंबाजीला लुनावर मागं घेतलं आणि सरळ मोंढा गाठला.

अप्पा गादीवर बसले होते. "शरणार्थ, अप्पा," चंद्रभाननं हात जोडले. अप्पांनी चहा मागवला, लिंबाजीसाठी खारे शेंगदाणे मागवले, पोरीच्या सोयरिकीची चौकशी केली. चंद्रभाननं सगळं पोटातलं ओतलं. नाव बदलायच्या कागदावर एक सही द्या, चेअरमनला कळूसुद्धा देत नाही, म्हणाला. बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले. अप्पा मान हलवत ऐकत राहिले.

"सही? आत्ता करतो की. दौतसुद्धा समोर हाय," अप्पा म्हणाले. "फकस्त किशनरावानं एक बार दारात यावं. चहा प्यावा, बास. आमी काय त्याचं वाईट चितलंय का कधी?"

"ते येणार न्हाईत अप्पा."

"मंग सही कशी व्हायची?" अप्पांनी डोळे मिटले आणि उघडले. "तुमचा नियम काय म्हणतो? मालक गाडीसोबत पाहिजे. बराबर? मंग मीच येतो गेटवर, सभेच्या टायमाला. तुमी खरं तेच लिवा. गाडीबी आत जाईल, तुमची नोकरीबी ऱ्हाईल. गरिबाच्या पोरीचं लगीन माझ्यापायी मोडू नये."

हे ऐकून चंद्रभान त्यांच्या पायाच पडला. साधा माणूस. व्यापारी फुकट गेटवर उभा राहतो, असं त्याला वाटलं. घरी येताना तो लुना इतकी जोरात हाणत होता की मागून लिंबाजीला शेंगदाणे सांभाळता येईनात.

सभेचा दिवस उजाडला. मांडव भरला. विरोधी गटाचे सभासद एका बाजूला बाह्या वर करून बसले होते, चेअरमनचे दुसऱ्या बाजूला. गेटवर मुंबईचे साहेब कमलबाईंच्या मागं उभे, थंड हवा खात. बाहेर कडुलिंबाखाली मन्मथअप्पा, धुतलेलं धोतर, ताजं भस्म, एकटेच. जिंतूरचे पाव्हणे हाराची पिशवी घेऊन मांडवाच्या पहिल्या रांगेत बसले होते, कारण सुमनबाईनं त्यांना तिथंच बसवलं होतं.

जीप आली. आडवा बांबू खालीच राहिला. किशनरावांनी बाहेर डोकं काढलं. "काय रे?"

कमलबाईंनी मशिनीवर बोटं चालवली आणि कुणाचीही भीड न ठेवता मोठ्यानं वाचलं, "जीप. मालक मन्मथअप्पा बापूअप्पा. मालक सोबत नाही."

किशनरावांचा चेहरा आधी लाल, मग जांभळा. मुंबईचे साहेब मात्र खूश झाले. "वा! चेअरमनलासुद्धा सूट नाही! यालाच म्हणतात सिस्टीम." कालच किशनरावांनी बापाची गाडी मध्ये आणली होती. उतरून चालत जावं तर पाचशे विरोधकांसमोर चेअरमन पायी येणार. तेवढ्यात कडुलिंबाखालून अप्पा आले, हात जोडून.

"किशनराव, मालक हाय की हितं. बसू का?"

किशनरावांनी दात आवळले. साहेब बघत होते. "बसा," ते म्हणाले. अप्पा शेजारी बसले. बांबू वर गेला. चंद्रभाननं कडक सलाम ठोकला, आणि त्या क्षणी त्याला वाटलं, आपण आयुष्यात एक तरी काम अक्कलहुशारीनं केलं.

जीप मांडवाशी थांबली आणि किशनराव नि अप्पा एकाच सीटवरून उतरले. सभासदांना गेटवरचं काय माहीत? त्यांनी बघितलं ते एवढंच. विरोधी गटातून कुजबुज उठली, "आरं, ह्यांचं तर मिटलं! आपल्याला कशापायी आणलं मंग?" वर केलेल्या बाह्या खाली आल्या. चेअरमनच्या माणसांनाही काही कळेना, त्यांनी वेळ न घालवता टाळ्या वाजवल्या. टाळ्या पडल्या म्हणून विरोधकांनीही वाजवल्या. पाठीमागून कुणी तरी "किशनराव-मन्मथअप्पांचा विजय असो" म्हणालं आणि मांडव दुमदुमला. दोन्ही पुढाऱ्यांनी एकमेकांकडं बघितलं. दोघंही मुरलेले. फुकट मिळालेला मान कोण टाकून देतो? किशनरावांनी अप्पांच्या खांद्यावर हात टाकला. ते दोघं ऑफिसात गेले, दार लावून घेतलं. बाहेर आले तेव्हा सगळं ठरलेलं होतं. अविश्वास मागं. अप्पा व्हाइस चेअरमन. जिपच्या कागदावर सही झाली ती किशनरावांच्या टेबलावर, किशनरावांच्याच पेनानं.

मग ऑर्डरी वाचायला सेक्रेटरी उभे राहिले. चंद्रभान मांडवाच्या कडेला आला, टोपी सरळ केली. पहिल्या रांगेत सुमनबाईनं डोळ्यानंच पाव्हण्यांना खुणावलं, हार काढा.

"नवीन संगणक व्यवस्था यशस्वी केल्याबद्दल," सेक्रेटरींनी वाचलं, "श्री. चंद्रभान गिराम यांस सुरक्षा अधिकारी पदाच्या प्रभारातून मुक्त करून गिरणीच्या सेवेत कायम करण्यात येत आहे." टाळ्या सुरू झाल्या. सेक्रेटरींनी हात वर करून थांबवल्या, वाक्य संपलं नव्हतं. "मुख्य पहारेकरी या पदावर. सुरक्षा अधिकारी म्हणून श्री. अण्णाराव यांची नेमणूक होत आहे."

अण्णाराव म्हणजे मन्मथअप्पांच्या बहिणीचा पोरगा. समझोता झाला की दोन्हीकडं काहीतरी वाटावं लागतं, आणि गिरणीत त्या दिवशी रिकामी जागा एकच होती.

किशनराव खाली आले आणि त्यांनी चंद्रभानच्या पाठीवर थाप मारली. त्यांच्या मनात खोट नव्हती, हे वाईट. "चंद्रभान, आज तुझ्यामुळं गिरणी वाचली बघ! आणि शब्द पाळला की न्हाई? केला की न्हाई कायम?" चंद्रभान म्हणाला, "पाळला, साहेब." पहिल्या रांगेत पाव्हण्यांनी हार पुन्हा पिशवीत घातला. सुमनबाई त्यांना काही तरी सांगत होती, हात हलवून, आणि ते माना डोलावत मागं मागं सरकत होते.

चंद्रभान गेटवर आला. कमलबाईंनी चष्मा काढून पुसला. "गिरामसाहेब," त्या म्हणाल्या, आणि खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. धार गेली होती त्या दिवशी त्यांच्या जिभेची. एवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. अण्णाराव चार्ज घ्यायला आले होते, नव्याकोऱ्या मोटारसायकलवर, सीटचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नाही.

चंद्रभानला एकदम उभारी आली. नियम तर नियम होता. त्यानं आडवा बांबू गच्च धरला आणि म्हणाला, "बुक दाखवा."

अण्णारावांनी बुक दिलं. चंद्रभाननं पानं उलटली, सावकाश, एकेक. शोरूमचा शिक्का. विमा. कर भरल्याची पावती. मालकाच्या रकान्यात अण्णारावांचं स्वतःचं नाव, वडिलांच्या नावासकट. इतक्या दिवसांत गेटवर आलेली ही पहिलीच गाडी, की जिचा मालक आणि चालक एक होता.

"कागद चोख हायेत," चंद्रभान म्हणाला. त्यानं बुक परत दिलं, बांबू वर उचलला आणि नव्या साहेबाला सलाम केला.